मेंढराच्या कानाची खूण

कडा, ता. आष्टी
४ ऑगस्ट १९९६

चि. योगिता,

ईश्वरी म्हणते, आधी आशीर्वाद लिहायचा असतो. लिही म्हणलं बाई, किती लिहायचा तेवढा लिही, त्याला काय तोटा? तुझी धाकटी बहीण दहावीत गेल्यापासून लई शहाणी झाली. मी बोलते आन ती माझं बोलणं सुधारते. मी दम दिला, तोंडातून निघंल तसं लिही, मला शाळंत जाऊन आलेली करू नको.

तुझ्या लग्नाला तीन महिने झाले. तू गेल्यापासून माझ्या डोक्याला कुणाचा हात न्हाई. ईश्वरी बसते तेल घेऊन, पण निम्मं ध्यान पुस्तकात. परवा निम्मं तेल माझ्या कानात गेलं. तुझ्या सासूला सांग, पोरीची वेणी मनगटाएवढी करून दिली हाय, येईल तवा तेवढीच मोजून घेईन.

जावई काय म्हणतोय? घर बघायला आलो तवा मला म्हणला, आजी, दोन सालात दारात जीप हुभी करतो. मी म्हणलं, भागवता, आधी दार तरी मोठं कर. कसा खळखळून हसला! हसणाऱ्या माणसाच्या घरी लेक द्यावी, रडक्याच्या घरी धान्य असलं तरी गिळवत न्हाई.

पंचमीला या. लिंबाला झोका बांधलाय. तू येस्तोवर कुणाला बसू देणार न्हाई म्हणलं तर ईश्वरी रोज चोरून बसते, आन आता हे लिहिताना तोंड वाकडं करते.

आणखी एक, सहजच विचारते. तुमच्या मेंढरांच्या कानाला खूण कसली हाय? उजव्या का डाव्या? धनगराच्या म्हातारीला रिकामपणी दुसरं काय सुचणार?

तुझी आजी चतुराबाई

(लिहिणार ईश्वरी. अंगठ्याची शाई आजीने माझ्या ओढणीला पुसली.)


उमापूर, ता. गेवराई
२५ ऑगस्ट १९९६

ती. आजीस योगिताचा नमस्कार.

पंचमीला येता आलं नाही, रागावू नकोस. सत्तर मेंढरं सोडून घरातलं कुणी कसं निघणार, तुला सांगायला नको.

इथे सगळं छान आहे. यांनी घरावर मोठी पत्र्याची छत्री बसवली आहे, आभाळाकडे तोंड करून. तिच्यातून वायर ओढून आख्ख्या उमापूरला टीव्ही दाखवणार. हे म्हणतात, सरकारनं आता सगळं खुलं केलं, जो आधी उठेल त्याचं राज्य. म्हणून रोज लवकर उठतात आणि छत्री पुसतात. लाईट असली की चित्र छान दिसतं. लाईट नसली की हे स्वतःच बातम्या सांगतात, शेजारची पोरं पोट धरून हसतात.

धाकटे भाऊजी, बद्रीनाथ, मला वहिनी वहिनी करतात. सासूबाई कामाला घाई करतात, पण मनानं चांगल्या आहेत.

खुणेचं विचारलंस. आपल्या मेंढरांच्या उजव्या कानाला एक तिरपी खाच आहे. सगळ्यांच्याच.

माझी काळजी करू नकोस. मी सुखात आहे.

तुझी योगिता


कडा
१२ ऑक्टोबर १९९६

चि. योगिता,

तुझं पत्र ईश्वरीनं तीनदा वाचलं. एकदा मला, एकदा तुझ्या आबाला, आन एकदा ओट्यावर, तिथं सगळी गल्ली गोळा झालती. छत्रीचं ऐकून भिवराबाई म्हणली, पाऊस आभाळातून पडतो तसा टीव्हीबी आभाळातून पडतो का? मी म्हणलं, पडत आसंल, फक्त आपल्याकडं दोन्ही पडत न्हाई.

उजव्या कानाला तिरपी खाच म्हणलीस. बरं झालं. लई बरं झालं. त्या दिवशी मी एक भाकर जास्त खाल्ली. कावून ते विचारू नको.

तुझा आबा आश्रुबा आता बाजारात छाती काढून चालतो. लोकाला सांगतो, माझ्या आईनं घर पारखून दिलंय, तिची नजर चुकत न्हाई. लेक म्हातारीला कधी न्हाई ती इज्जत द्यायला लागला, तर म्हातारीनं काय नको म्हणावं?

पहिला दिवाळसण हाय. जावयाला घेऊन ये. तो बातम्या सांगतो म्हणलीस, तर त्याला ओट्यावरच बसवू.

तुझी आजी


कडा
९ फेब्रुवारी १९९७

चि. योगिता,

जिती हाईस का त्या टीव्हीत शिरलीस?

दिवाळी गेली, संक्रांत गेली. वाट बघून करंज्या मऊ पडल्या, मग ईश्वरीनं खाल्ल्या. तिचं पोट बिघडलं त्याचं पाप तुझ्यावर. एक कागद लिहायला किती वेळ लागतो गं? मला विचार, मला तर तेवढंच येत न्हाई.

इथं कारखान्याचा भोंगा चालू हाय. रस्त्याच्या कडंनं ऊसतोडीवाल्यांच्या पाचटाच्या कोप्या पडल्यात. परवा मी आन ईश्वरी तिकडून आलो. तुझ्याएवढी एक पोरगी डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढत होती, फळी अशी वाकत होती की मीच डोळं मिटले. ईश्वरीला म्हणलं, बघ, नशीब बघ. आपली योगिता सावलीला बसून टीव्ही बघती.

लिही. शिव्या दिल्यास तरी चालंल, पण लिही.

तुझी आजी

(ताई, बोर्डाची परीक्षा पुढच्या महिन्यात. आजी म्हणते, पास झाले तर झोका माझा. — ईश्वरी)


उमापूर
२ मे १९९७

ती. आजीस नमस्कार.

तुझं फेब्रुवारीचं पत्र आत्ता दाराच्या फटीत सापडलं. घर बंद होतं. चाऱ्यासाठी मेंढरं घेऊन आम्ही सगळेच लांब गेलो होतो, तिकडे पोस्टाची सोय नव्हती.

सगळं झकास आहे. यांच्या डोक्यात आता नवीन आहे, काचेची पेटी करून फोन बसवायचा. म्हणतात, लोकांना बोलायचं तर असतंच, मग छत्रीसारखं वाया जाणार नाही.

सासूबाई शेजारी बसल्या आहेत. सगळ्यांना नमस्कार लिही म्हणतात. ईश्वरी केवढी झाली तेही विचारायला सांगतात.

तुझी योगिता


कडा
८ जून १९९७

चि. योगिता,

बस खाली, मग वाच.

तुझे सासरे रामकिसन गेल्या बेस्तरवारी येऊन गेले. बद्रीनाथासाठी ईश्वरीला मागतात! मी म्हणलं, एक नेली, दुसरीबी नेता, मग झोकाच सोडून न्या की. हसले. हसणं त्या घरात सांडलेलंच हाय.

आबा लगेच हो म्हणला न्हाई. त्यानं तुझी पत्रं काढली आन पोरीला पुन्हा वाचायला लावली. सत्तर मेंढरं, गुणाचा दीर, मायेची सासू. संपल्यावर म्हणला, योगितानं आपल्या हातानं लिहिलंय, आता बघायचं काय राहिलं? सख्ख्या बहिणी सख्ख्या जावा होतील, एकमेकीचं डोकं तरी बघतील.

त्यांना लई घाई हाय. आषाढी एकादशीच्या आत लग्न, मग चार महिने तिथ न्हाई. बावीस तारखेला ऐतवारी सुपारी फोडायची. ईश्वरीचा निकाल लागायचाय अजून. मी म्हणलं, तुला जायचं का गं? तर म्हणली, ताई आहे ना तिथं.

तू खूश झालीस ना? असशीलच. तरीबी लिहून कळव. सुपारीच्या आधी कळव.

तुझी आजी


उमापूर
१३ जून १९९७

आजी,

हे पत्र आबांसमोर फोडू नका. ईश्वरी, तू आजीला एकटीला वाचून दाखव, आणि एक शब्दही गाळू नकोस.

इथे मेंढरं नाहीत. मी आले तेव्हाही नव्हती. लग्नाआधीच विकून ती छत्री घेतली होती. वर्षात दोनदा लाईटनं आतलं यंत्र जळलं, आता छत्रीत कोंबडी बसते.

दसऱ्यानंतर आम्ही चाऱ्याला गेलो नव्हतो. ऊसतोडीला गेलो होतो, सहा महिने. फेब्रुवारीत तू रस्त्यावर जिला पाहिलंस ती मी नव्हते, मी दुसऱ्या कारखान्यावर होते. पण फळी तशीच होती. वेणी मोजू नकोस. मोळ्या वाहून टाळूवरचे केस गेलेत, आता पदर पुढे ओढूनच असते.

ऊसतोडीत माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवऱ्यानं तोडायचा, बायकोनं बांधून वाहायचा. बद्रीनाथ भाऊजी एकटे, म्हणजे अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला मुकादम गाडीत घेत नाही. ईश्वरी कशासाठी पाहिजे ते आता कळलं असेल. एकादशीची घाई नाही, दसऱ्याची आहे.

हे वाईट नाहीत, आजी. कधी हात उगारला नाही. उसात अंगठा कापला तरी म्हणायचे, पुढच्या साली आपला स्वतःचा ट्रक. पहिल्या महिन्यात मलाही ते ऐकून हुशारी यायची. नंतर ते बोलायला लागले की मी मोळी उचलून चालायला लागायचे.

मी खोटं लिहिलं. पहिल्यांदा लाज वाटली म्हणून लिहिलं. मग तू ते गल्लीत वाचून दाखवलंस, मग मागे फिरता येईना. कानाची खाचसुद्धा मनानेच लिहिली. माझ्या त्या गोड गोड पत्रांवर माझी बहीण इकडे यायला निघाली आहे, हे वाचल्यापासून ताटावर बसवत नाही.

माझ्यासाठी काही मागत नाही. फक्त सुपारी फुटू देऊ नकोस. आणि मी कळवलं हे इथे कळू देऊ नकोस, मला याच घरात राहायचं आहे.

योगिता


कडा
२४ जून १९९७

योगिता,

सुपारी फुटली न्हाई. हे आधी लिही म्हणलं ईश्वरीला, बाकीचं मागून.

तुझं पत्र आम्ही दोघींनी वाड्याच्या पल्याड, मेंढरात बसून वाचलं. एकदाच. दुसऱ्यांदा वाच म्हणायला तोंड झालं न्हाई. रस्त्यावर त्या पोरीला बघून मी ‘नशीब बघ’ म्हणलते. ते माझं मला ऐकू येत राहिलं.

आता करावं काय? आबाला पत्र दाखवलं असतं तर त्यानं काठी घेऊन उमापूर गाठलं असतं, आन तुझं नाव पुढं झालं असतं. तुझं नाव न घेता मोडायचं तर कुणीतरी दुसऱ्यानं खाली मान घालायला पाहिजे होती. तसं माणूस माझ्या वळखीचं एकच होतं.

ऐतवारी पाव्हणे आले. रामकिसन, बद्रीनाथ, आन नवा सदरा घालून भागवत. गल्लीतली माणसं बसलती. घरात मोठी म्हणून आडकित्ता माझ्या हातात दिला. मी सुपारी त्यात धरली आन म्हणलं, “व्याही, गेल्या साली आमी बघायला आलो तवा तुमच्या दारात सत्तर मेंढरं होती. त्यात उजव्या खाचंची किती, डाव्या भोकाची किती आन कानाचा शेंडा छाटलेली किती?”

रामकिसन म्हणला, “म्हातारे, आज सुपारी हाय, मेंढरांचा बाजार न्हाई.”

“तवाबी बाजारच होता. मीच गिऱ्हाईक होते.”

आबा म्हणला, “आई, काय बोलतीस?”

मी म्हणलं, “एका घरच्या मेंढरांना एकच खूण असती. ती तीन घरची होती, दिवसभरासाठी मागून आणलेली. बापे डोकी मोजत होते, मी कान बघत होते. मला तवाच कळालं.”

आबा म्हणला, “तूच म्हणलीस ना गं, मेंढरं लई गुणाची हायत म्हणून? तुझ्या शब्दावर दिली पोरगी.”

“होय,” म्हणलं, “माझ्याच शब्दावर.”

रामकिसन टोपी उचलून हुभा राहिला. भागवत मात्र बसून होता. खाली बघत म्हणला, “आजी, तवाच कावून न्हाई बोललाव?” त्याच्या तोंडावर हसू न्हाई असं मी पहिल्यांदा बघितलं. मी म्हणलं, “तू हसला होतास बाबा. वाटलं, आजची मागून आणलेली उद्या तुझी होतील.”

ते गेले. आबा तवापासून माझ्याशी बोलत न्हाई. भाकर ईश्वरीच्या हातानं पाठवतो. गल्लीत बायका मला बघून बोलणं बदलतात. बदलू दे. मी त्यांना वर्सभर तुझी पत्रं ऐकवली, आता त्यांनी माझं ऐकावं.

पण योगिता, मी तिथं सगळं सांगितलं न्हाई. चार माणसांत अर्धीच लाज बाहेर काढली, अर्धी तुझ्यासाठी राखून ठेवली. मी पहिल्या पत्रात तुला खूण विचारली ती रिकामपणी न्हाई. मला जाणून घ्यायचं होतं, त्यांनी खरी मेंढरं घेतली का न्हाई. तू ‘सगळ्यांच्याच उजव्या कानाला खाच’ लिहिलंस, आन माझ्या मनात पाल चुकचुकली, की पोरगी खोटं बोलती. ज्यांनी तीन घरची मेंढरं मागून आणली, त्यांच्याकडं इतक्यात एकाच खुणंची सत्तर कुठून येणार? तरीबी मी ते खरं धरून चालले. एक भाकर जास्त खाल्ली. खोटं धरलं असतं तर मला काहीतरी करावं लागलं असतं. खरं धरलं की नुसतं हसून भागत होतं. आन ईश्वरीला मागणं आलं तवाबी मला ही शंका होतीच.

(ताई, इथं मी पेन खाली ठेवला. हे मला माहीत नव्हतं. आजी म्हणाली, उचल, आणि मी सांगितलं तसंच लिही. मी म्हणाले, तुला माझं काहीच वाटलं नाही का? मग मीच पेन उचलला. — ईश्वरी)

ईश्वरी पास झाली. आबानं अकरावीला घालायचं कबूल केलंय. झोका तिचा. पण बसत न्हाई आता.

आबा येत्या सोमवारी तुझ्याकडं येईल. यायचं का राहायचं ते तू ठरव. मी सांगितलेलं एकदा ऐकलंस, तेवढं पुरे झालं. त्याच्यासंगं माझ्या वाट्याची पाच कोकरं पाठवते. पाच कोकरांनी कोयता सुटत न्हाई, एवढा हिशेब मला लिहिता-वाचता न येता येतो. त्यांचे कान मी कोरे ठेवलेत. आमची खूण केली न्हाई. खूण तू कर, आन कसली केली ते कळव.

या खेपंला खरं कळव. ईश्वरी वाचंल, मी ऐकीन. ओट्यावर न्हाई वाचणार.

आजी


उमापूर
९ ऑक्टोबर १९९७

ती. आजीस नमस्कार.

आबांबरोबर मी आले नाही, ते त्यांनी सांगितलंच असेल. सांगताना ते तुझ्याशी बोलले, असं ईश्वरीनं लिहिलं होतं. बरं वाटलं.

पाचातली दोन कोकरं भाद्रपदात पोट फुगून मेली. तीन आहेत, तिन्ही माद्या. यांनी छत्री खाली उतरवली, तिची भोकं डांबरानं बुजवली आणि अंगणात उताणी ठेवली. तिघी तिच्यात पाणी पितात. फोनची पेटी झाली नाही. हे कमी बोलतात. काल मात्र कोकरांकडे बघून म्हणाले, तीनाची तीस व्हायला किती साल लागतील? मी म्हणाले, मोजू नका. मग दोघांनीही मोजलं.

परवा दसरा. त्यानंतर आम्ही निघणार. कोयता सुटला नाही. बद्रीनाथ भाऊजींना मुकादमानं घेतलं नाही, ते घरी राहून मेंढरं सांभाळतील.

कान काल कापले. एकीचा जरा जास्त कापला गेला. तिघींच्याही उजव्या कानाला, एक तिरपी खाच.

योगिता